लल्लाचे सूत्र आणि भास्कराचार्यांचे कापड

मृगाचा दमदार पाऊस झाला की सेनगावच्या बाजारात बी-बियाण्यांच्या दुकानांपुढे गर्दी होते. सोयाबीन घ्यायला आलेल्या शेतकऱ्याला दुकानदार विचारतो, "किती बॅगा देऊ?" शेतकरी काही खिशातून सातबारा काढत नाही. "वरचं रान दोन बॅगांचं, नाल्याकडचं एका बॅगेचं," असे तो सांगून टाकतो. तीस किलोची एक बॅग साधारणपणे एक एकराला पुरते. म्हणजे हे बियाण्याचे माप असले तरी खरे पाहता ते क्षेत्रफळाचेच माप आहे. अंदाज चुकला तर ते लगेच कळते. एक तर बी उरते, नाही तर धुऱ्याच्या अलीकडेच संपते.

याच शेतकऱ्याचा मुलगा नववीत असतो. चेंडूचे पृष्ठफळ काढण्याचे उदाहरण तो सोडवतो. "चार पाय आर वर्ग" हे सूत्र त्याला पाठ असते. पण गुणाकारात एक शून्य जास्त पडून १४० चौरस सेंटिमीटरऐवजी १४०० असे उत्तर आले, तर त्याचा हात थांबत नाही. उत्तराखाली दोन रेघा ओढून तो पुढच्या उदाहरणाकडे वळतो. १४०० चौरस सेंटिमीटर म्हणजे मोठ्या वहीची दोन पाने उघडून ठेवावीत तेवढी जागा. मुठीत मावणाऱ्या चेंडूला एवढे कातडे लागेल का, हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही. बाप डोळ्यांनी रान मोजतो आणि मुलाला हातातल्या चेंडूचा अंदाज येत नाही. हे का व्हावे?

आम्ही काही शिक्षक या प्रश्नाचा विचार करत होतो. तेव्हा आमच्या लक्षात आले की गणिताच्या इतिहासात नेमकी अशीच एक चूक घडून गेली आहे. ती करणारा नववीतला विद्यार्थी नव्हता; तो आपल्या काळातला नामवंत ज्योतिषी होता. आणि ती दाखवून देणाऱ्याने त्यासाठी वापरले ते कापडाचे एक वर्तुळ.

औत, काठी आणि साखळी

आधी सपाट जमिनीची गोष्ट थोडक्यात पाहू. जमीन मोजण्याची सर्वांत जुनी रीत कामावरून किंवा बियाण्यावरून मोजण्याची. एका औताने जेवढी जमीन वाहता येते ती एका औताची. दख्खनमध्ये सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच ठिकाणी सारा आकारला जाई तो औतावर. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना त्याचा दिवाण मुर्शिद कुली खान याने जमिनीच्या प्रत्यक्ष मोजणीवर आधारलेली पद्धत आणली. मात्र जिथे औताची जुनी रीत सोयीची होती तिथे ती त्याने तशीच राहू दिली.

शिवाजी महाराजांच्या काळातली काठी प्रसिद्ध आहे. पाच हात आणि पाच मुठी एवढ्या लांबीची ती काठी. लांबी वीस काठ्या आणि रुंदी वीस काठ्या, म्हणजे ४०० चौरस काठ्या मिळून एक बिघा होई. १२० बिघ्यांचा एक चावर. यातला 'औरस-चौरस' हा जुना शब्द मुलांना जरूर सांगावा. लांबी आणि रुंदी दोन्ही मोजायच्या आहेत, ही क्षेत्रफळाची सगळी कल्पना त्या एका शब्दात आली आहे.

आजचा आपला गुंठा मात्र साखळीतून आला आहे. इंग्लंडमध्ये एडमंड गुंटर याने १६२० च्या सुमारास ६६ फुटांची साखळी रूढ केली. अशा दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. मुंबई इलाख्याच्या पाहणीत तिच्या निम्म्या लांबीची, म्हणजे ३३ फुटांची साखळी वापरली गेली. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच एक गुंठा. अशा ४० गुंठ्यांचा एक एकर, म्हणजे ४३,५६० चौरस फूट.

या पाहणीच्या इतिहासात आपल्या कामाचा एक धडा आहे. पुणे भागात प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२० च्या दशकाअखेरीस पहिली मोठी पाहणी केली. जमिनीचे उत्पन्न आणि खर्च यांचा हिशेब करून सारा ठरवण्याची त्याची पद्धत कागदावर मोठी काटेकोर होती. पण पुढे तपासणी झाली तेव्हा मूळ मोजण्याच भरवशाच्या नाहीत असे दिसून आले. ज्या हिशेबाचा पायाच चुकलेला, त्याच्या काटेकोरपणाचा उपयोग काय? शेवटी १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातून नव्याने सुरुवात केली. पुढे निजामाच्या राज्यातल्या मराठवाड्याच्या जिल्ह्यांतही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या धर्तीवर पाहणी झाली. आज सेनगावचा शेतकरी एकर आणि गुंठे बोलतो ते त्यामुळे.

सपाट जमिनीवर काठी टाकता येते, साखळी ओढता येते. मोजणी खोटी वाटली तर चार माणसे पुन्हा जाऊन मोजू शकतात. पण वस्तू गोल असेल तर? चेंडूवर चौरस काठी कशी टाकणार? चौरस तुकडा गोलावर नीट बसतच नाही. अशा वेळी माणूस सूत्राचा आधार घेतो. आणि सूत्रच चुकीचे असेल, तर ते ओळखायचे कसे?

लल्लाचे सूत्र

लल्ल हा आठव्या शतकातला ज्योतिषी. 'शिष्यधीवृद्धिद' म्हणजे शिष्याची बुद्धी वाढवणारा, हा त्याचा ग्रंथ अनेक शतके अभ्यासला जात होता. गोलाच्या पृष्ठफळासाठी लल्लाने सांगितलेला नियम असा : गोलाच्या मधोमध कापल्यावर दिसणाऱ्या मोठ्या वर्तुळाचे क्षेत्रफळ घ्यावे आणि त्याला परिघाने गुणावे.

ऐकायला हे पटण्यासारखे वाटते. वर्तुळ परिघाभोवती फिरवले की गोल तयार होतो, तेव्हा गुणाकारही परिघानेच करावा, असे कोणालाही वाटू शकेल. लल्लाने पृथ्वीचा व्यास १०५० योजने आणि परीघ ३३०० योजने मानला होता. या नियमाने त्याला पृथ्वीचे पृष्ठफळ सुमारे २८५ कोटी चौरस योजने मिळाले. त्याच्याच व्यास-परिघावरून बरोबर उत्तर ३४ लाख ६५ हजार एवढेच येते. चूक थोडीथोडकी नव्हे, सव्वाआठशे पट!

आपल्याला हे एका टेनिसच्या चेंडूवर करून पाहता येईल. चेंडूचा परीघ सुमारे २१ सेंटिमीटर भरतो. मधल्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ३५ चौरस सेंटिमीटर येते. लल्लाच्या नियमाने पृष्ठफळ ३५ गुणिले २१, म्हणजे ७३५ चौरस सेंटिमीटर. आता हेच गणित मिलिमीटरमध्ये करू. ३५०० गुणिले २१० म्हणजे ७,३५,००० चौरस मिलिमीटर, अर्थात ७३५० चौरस सेंटिमीटर! आणि मीटरमध्ये केले तर उत्तर येते ०.०००७३५ चौरस मीटर, म्हणजे जेमतेम सव्वासात चौरस सेंटिमीटर. चेंडू तोच आणि नियमही तोच. पण मोजपट्टी बदलली की त्याच चेंडूला कधी पाऊण चौरस मीटर कापड लागते, तर कधी पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढे.

मुलांना हे तीन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवावेत. मोजपट्टी बदलल्याने चेंडूचे कातडे वाढत किंवा घटत नाही. म्हणून जे सूत्र एककाप्रमाणे वेगवेगळे उत्तर देते ते सूत्र चुकीचेच असले पाहिजे. क्षेत्रफळाला लांबीने गुणले की घनफळाचे एकक येते, पृष्ठफळाचे येत नाही, हा नियम मग वेगळा पाठ करून घ्यावा लागत नाही.

कापडाचे वर्तुळ

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मधला. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' पूर्ण केला. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. देवगिरीच्या यादव राजाच्या पदरी असलेल्या चांगदेव या त्यांच्या नातवाने भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. तेराव्या शतकाच्या पहिल्या दशकातल्या या लेखाचा काही भाग जुन्या मराठीत असून बाजारातल्या मालावरचे काही हक्क मठाला दिल्याचे त्यात म्हटले आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली हा लेख अभ्यासकांसमोर आणला. गणित शिकवण्याच्या सोयीसाठी गावच्या बाजारपेठेने उत्पन्नाचा वाटा द्यावा, ही गोष्ट शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी आहे.

सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायात भुवनकोश नावाचे प्रकरण आहे. तिथे भास्कराचार्यांनी लल्लाच्या नियमाचा समाचार घेतला आहे. या ठिकाणी त्यांनी लांबलचक आकडेमोड केली असती तर ती फार थोड्यांना कळली असती. त्याऐवजी ते वाचकाला कापड घ्यायला सांगतात.

कापडाचे एक वर्तुळ कापा. त्याचा व्यास गोलाच्या परिघाच्या निम्मा ठेवा. हे वर्तुळ गोलाच्या डोक्यावर मधोमध ठेवून चारी बाजूंनी खाली ओढा. कापडाची कड बरोबर गोलाच्या मध्यापर्यंत येते, म्हणजे निम्मा गोल झाकला जातो. शिवाय काही कापड चुण्यांच्या रूपाने जास्तच उरते. आता या कापडाचे क्षेत्रफळ काढले तर ते गोलाच्या मधल्या वर्तुळाच्या सुमारे अडीच पट भरते. दुसऱ्या अर्ध्यालाही तेवढेच कापड लागेल. म्हणजे पूर्ण गोल झाकायला मधल्या वर्तुळाच्या पाचपटीपेक्षा जास्त कापड लागूच शकत नाही. मग लल्लाने त्या वर्तुळाला परिघाने कसे काय गुणले?

किती साधा आणि किती निरुत्तर करणारा प्रश्न! इथे भास्कराचार्य नेमके उत्तर सांगत नाहीत. उत्तर कोणत्या मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही एवढेच ते दाखवतात. पण चुकीचे सूत्र बाद करायला तेवढे पुरते.

आणखी एक गोष्ट. याच भास्कराचार्यांनी लल्लाच्या 'शिष्यधीवृद्धिद' ग्रंथावर टीका लिहिली आहे. ज्याचा ग्रंथ समजावून सांगण्याचे कष्ट घ्यावेत, त्याचीच चूक तितक्याच स्पष्टपणे दाखवावी, यात त्यांना काही विसंगत वाटले नाही. लल्ल मोठा होताच. पण कापड त्याच्यापेक्षा मोठे ठरले.

पट्टे आणि फोडी

पाचपटीपेक्षा कमी, हे ठरले. मग नेमके किती? भास्कराचार्यांनी आपल्याच ग्रंथावर लिहिलेल्या वासनाभाष्यात याच्या दोन रीती दिल्या आहेत. दोन्हींची सुरुवात मातीचा किंवा लाकडाचा गोल समोर घेऊन होते.

पहिल्या रीतीत गोलाच्या माथ्यावर एक बिंदू घ्यायचा आणि त्याच्याभोवती समान अंतरावर एकाखाली एक अशी वर्तुळे काढायची. अर्ध्या गोलावर अशी चोवीस वर्तुळे येतात. दोन वर्तुळांमधली जागा म्हणजे एक अरुंद पट्टा. प्रत्येक पट्टा सरळ करून त्याचे क्षेत्रफळ काढायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची.

दुसऱ्या रीतीत गोल उभा चिरायचा. आवळ्यावर जशा देठापासून खालपर्यंत रेघा असतात तशा रेघांनी गोलाच्या फोडी पाडायच्या. परीघ ९६ एकके धरला तर मध्यावर एक एकक रुंद अशा ९६ फोडी होतात. अशा एका फोडीच्या सालीचे क्षेत्रफळ भास्कराचार्यांनी ज्यांच्या कोष्टकावरून काढले. ते ३० पूर्णांक ३३ साठांश आले. आणि ज्या गोलाचा परीघ ९६ आहे त्याचा व्यासही तेवढाच असतो! म्हणजे एका फोडीचे पृष्ठफळ व्यासाएवढे आणि फोडींची संख्या परिघाएवढी. म्हणून गोलाचे पृष्ठफळ परीघ गुणिले व्यास. हेच मधल्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या चौपट होते. लीलावतीत भास्कराचार्यांनी या पृष्ठफळाला चेंडूवर चहूबाजूंनी गुंडाळलेल्या जाळीची उपमा दिली आहे. पृथ्वीचा परीघ ४९६७ आणि व्यास १५८१ पूर्णांक १/२४ योजने धरून त्यांनी पृथ्वीचे पृष्ठफळ ७८,५३,०३४ चौरस योजने दिले. गुणाकार करून पाहा, बरोबर येतो.

हाच निष्कर्ष ग्रीक गणिती आर्किमिडीज याने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात काढला होता आणि त्याची तर्कशुद्ध सिद्धताही दिली होती, हे सांगितले पाहिजे. भास्कराचार्यांची वाट वेगळी. ती मोजण्याची, तुकडे करून बेरीज करण्याची आणि ताडून पाहण्याची आहे. शाळेच्या वर्गात नेमकी हीच वाट उपयोगी पडते.

गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर १८६१ साली कलकत्त्यात प्रसिद्ध झाले. सिहोरचे लॅन्सलॉट विल्किन्सन यांनी केलेले हे भाषांतर तपासून पुरे केले ते मूळचे पुण्याचे असलेल्या बापूदेव शास्त्री यांनी. कापडाचा हा युक्तिवाद त्यातूनच जगभरच्या अभ्यासकांपुढे गेला.

वर्गात करून पाहू

सेनगाव परिसरातल्या मुलांबरोबर आम्ही हे प्रयोग केले ते साध्या सामानात. ३३ फूट दोरी, एक चेंडू, जुने कापड, आलेख कागद, सुतळी आणि संत्री. नियम एकच ठेवला. मोजण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहायचा आणि तो नंतर खोडायचा नाही.

सुरुवात मैदानावर केली. दोरीने एक गुंठा आखला आणि चार कोपऱ्यांवर चार मुले उभी केली. मग विचारले, "आपले मैदान किती गुंठ्यांचे?" पहिल्या अंदाजांत दुपटी-तिपटीचा फरक होता. तो एक गुंठा डोळ्यांत बसल्यावर पुढचे अंदाज आश्चर्य वाटावे इतके जवळ येत गेले. अंदाज म्हणजे मनात येईल ते सांगणे नव्हे. ओळखीचे एक माप मनातल्या मनात पुन्हा पुन्हा टाकून पाहणे म्हणजे अंदाज, हे मुलांना इथे कळते.

वर्गात संत्रे घेतले. ते मधोमध कापून त्याची कड कागदावर गिरवली आणि तशी सहा वर्तुळे काढली. सगळी साल सोलून बारीक तुकडे केले, तर किती वर्तुळे भरतील? एका मुलीने ठामपणे सांगितले, "दोन. वरचं एक आणि खालचं एक." चूक फार मोलाची होती, म्हणून आम्ही लगेच दुरुस्त केली नाही. तिला अर्धे संत्रे दिले. त्याची सपाट बाजू आणि फुगीर बाजू तिने बोटाने चाचपून पाहिली आणि आपणच म्हणाली, "फुगलेली बाजू जास्त आहे." म्हणजे दोनपेक्षा जास्त, हे नक्की झाले.

मग भास्कराचार्यांचे कापड. चेंडूचा परीघ २१ सेंटिमीटर, म्हणून साडेदहा सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ कापले. चेंडूवर ठेवून कडा खाली ओढल्या की भोवती चुण्या पडतात. कापडाची कड ३३ सेंटिमीटर आणि चेंडूचा मध्य २१, तेव्हा बारा सेंटिमीटर चुण्यांत जाणारच. कापडाचे क्षेत्रफळ सुमारे साडेशहाऐंशी चौरस सेंटिमीटर, दोन्ही बाजूंचे मिळून १७३. मधल्या वर्तुळाचे ३५. म्हणजे पाचपटीपेक्षा कमी. दोन आणि पाच यांच्यामध्ये उत्तर कोंडले गेले, आणि सूत्र अजून फळ्यावर आलेलेही नव्हते.

यानंतर सुतळी. जुना रबरी चेंडू मधोमध कापून अर्ध्या भागावर माथ्यापासून कडेपर्यंत सुतळी गोल गोल चिकटवली. मग तेवढ्याच वर्तुळाच्या पुठ्ठ्यावर तशीच सुतळी गुंडाळली. दोन्ही सुतळ्या उलगडून मोजल्या तेव्हा पहिली दुसरीच्या जवळपास दुप्पट भरली. सुतळीचा प्रत्येक वेढा म्हणजे भास्कराचार्यांचा एक पट्टाच! अर्ध्याला दुप्पट, तर पूर्ण गोलाला चौपट. शेवटी संत्र्याची साल पसरली. चार वर्तुळे जवळपास भरली, पाचवे रिकामे राहिले. सुतळीच्या जाडीमुळे किंवा सालीच्या फटींमुळे थोडा फरक पडतो. तो का पडला याची चर्चा जरूर करावी, लपवू नये.

ज्यांना वेळ असेल त्यांनी आलेख कागदावर फोडीही कापून पाहाव्यात. बारा फोडी केल्या तर प्रत्येकीची लांबी साडेदहा सेंटिमीटर आणि मध्यावरची रुंदी पावणेदोन सेंटिमीटर येते. तिच्यातले चौरस मोजले की सुमारे पावणेबारा भरतात, आणि पावणेदोन गुणिले चेंडूचा व्यास ६.७ हेही तेवढेच येते.

हे सगळे करायला दोन-तीन तासिका जातात, आणि सूत्र तर पाच मिनिटांत सांगून होते. ही तक्रार खरी आहे. पण पाच मिनिटांत सांगितलेले सूत्र खरे की लल्लाचे, हे ओळखण्याचे साधन मुलाजवळ नसते. त्याला दोन्ही सारखीच. उद्या कोणी त्याला जमिनीचा तुकडा दाखवून चार गुंठे म्हणेल, रंगारी भिंतीचे मोजमाप सांगून पैसे मागेल, तेव्हाही आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवण्यापलीकडे त्याच्या हाती काही नसेल.

म्हणून आमची शिक्षकांना एवढीच विनंती आहे. क्षेत्रफळाच्या आणि पृष्ठफळाच्या प्रत्येक उदाहरणाशेजारी समासात अंदाजाचा एक रकाना ठेवा. बी उरले किंवा कमी पडले की शेतकऱ्याला आपली चूक कळते. वहीतल्या गणितात काहीच उरत नाही आणि काहीच कमी पडत नाही, म्हणून तिथली चूक गप्प राहते. तो रकाना असला की तिला बोलता येईल.